अमेरिकन चांदीचे जुने चमचे जमवताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेत राहणाऱ्या मराठी मंडळींना शेजारच्या एस्टेट सेलमध्ये (घरातलं सगळं सामान विकायला काढतात ती विक्री) किंवा जुन्या बाजारात काळवंडलेल्या चमच्यांचा जुडगा हाती लागतो आणि मग फोटो येतात: ‘हे खरं आहे का? घेऊ का? किती द्यावेत?’ अशा प्रश्नांची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत. भर चमचे, काटे, सुऱ्या आणि वाढायच्या पळ्यांवर आहे. चहाच्या किटल्या, तबकं, मेणबत्तीचे स्टँड हा वेगळा विषय आहे.

चमच्यावर ‘स्टर्लिंग’ असं लिहिलेलं नाही. मग ती चांदी नाही का?

असू शकते, आणि कदाचित जास्त जुनी असेल. इंग्लंडमध्ये शतकानुशतकं सरकारमान्य कचेरीत चांदी तपासून छाप मारला जाई. त्यावरून गाव, वर्ष, कस सगळं कळतं. अमेरिकेत अशी देशव्यापी पद्धत कधीच नव्हती. बाल्टिमोर शहरात १८१४ ते १८३० या काळात तपासणी कचेरी चालली, तो अपवाद. बाकी सगळा कारभार कारागिराच्या शब्दावर. त्याने मागच्या बाजूला आपलं नाव किंवा आद्याक्षरं ठोकली की तीच हमी.

१८६० च्या दशकापर्यंतचे बहुतेक अमेरिकन चमचे ‘कॉइन सिल्व्हर’चे, म्हणजे नाण्याच्या कसाच्या चांदीचे आहेत. १७९२ च्या कायद्याने नाण्यातली चांदी हजारात साधारण ८९२ भाग होती, १८३७ मध्ये ती ९०० झाली. लोक नाणी आणि जुनी भांडी घेऊन सोनाराकडे जात आणि त्याचे चमचे घडवून आणत. काहींवर ‘कॉइन’, ‘प्युअर कॉइन’, ‘डॉलर’, ‘स्टँडर्ड’ किंवा नुसतं ‘सी’ किंवा ‘डी’ असं असतं, पण कितीतरींवर फक्त नाव. स्टर्लिंग म्हणजे ९२५ चा कस. टिफनीने तो १८५१ च्या सुमारास स्वीकारला, गोरहॅमने १८६८ मध्ये, आणि मग बाकीचे कारखाने त्या मार्गाने गेले. १९०६ साली संघराज्याचा कायदा आला आणि हे शब्द छापायचे तर कसही तेवढाच हवा हे बंधन झालं.

तेव्हा ‘स्टर्लिंग’ शब्द दिसला तर चमचा बहुधा १८६० नंतरचा समजा. शब्द नाही आणि सोनाराचं नाव आहे, तर आधी ते नाव शोधा.

माझ्याकडच्या संचावर ‘१८४७ रॉजर्स ब्रदर्स’ आहे. म्हणजे पावणेदोनशे वर्षं जुना?

नाही. या विषयातला हा सगळ्यात मोठा गैरसमज आहे. रॉजर्स बंधूंनी कनेक्टिकटमधल्या हार्टफर्डला १८४७ मध्ये विजेच्या साहाय्याने मुलामा चढवलेले चमचे विकायला सुरुवात केली. ते वर्ष पुढे व्यापारचिन्हाचाच भाग झालं. नाव मेरिडन ब्रिटानिया कंपनीकडे गेलं, १८९८ पासून इंटरनॅशनल सिल्व्हर कंपनीकडे आलं, आणि विसाव्या शतकातही लाखो चमच्यांवर ‘१८४७’ उमटत राहिलं. काळ ठरवायचा तर नक्षीचं नाव शोधावं लागतं. आणि हा चांदीचा संच नसून चांदीच्या मुलाम्याचा आहे. रोजच्या जेवणाला छान, पण चांदीच्या भावाने घेऊ नका.

चांदी आणि मुलामा यांतला फरक घरी कसा ओळखायचा?

आधी अक्षरं वाचा. दहापट मोठं दाखवणारं भिंग घ्या, खिडकीशी बसा. ‘ए१’, ‘ट्रिपल’, ‘क्वाड्रुपल’, ‘ईपीएनएस’ दिसलं की मुलामा. ‘अलास्का सिल्व्हर’, ‘नेवाडा सिल्व्हर’ अशी नावं दिसली तर त्यात चांदीचा अंशही नसतो. आपल्याकडे पूजेच्या ताटांसाठी खपणारं जर्मन सिल्व्हरही तसंच, तांबं, निकेल आणि जस्त यांचं मिश्रण. मुलाम्याच्या अमेरिकन चमच्यांच्या आत बहुधा हेच असतं.

‘स्टर्लिंग इनलेड’ हे शब्द फसवे आहेत. होम्स अँड एडवर्ड्सच्या या चमच्यांत मागे, जिथे चमचा टेबलाला घासतो तिथे, चांदीचा छोटा तुकडा बसवलेला असे आणि वर सगळीकडे मुलामा. ‘स्टर्लिंग’ एवढंच वाचून पैसे मोजणारे बरेच भेटतात.

अक्षरं पुसट असतील तर झिजलेल्या जागा पाहा: खळग्याची पाठ, टोक, दांड्याची कड. मुलामा तिथे उडतो आणि खालचा पिवळट किंवा करडा धातू दिसतो. चांदी झिजते, पण आतही चांदीच निघते. लोहचुंबकाचा उपयोग मर्यादित आहे. चांदीला चुंबक चिकटत नाही, आणि जर्मन सिल्व्हरलाही नाही. सराफाकडचं एक्स-रे यंत्र फक्त वरचा थर वाचतं, त्यामुळे जाड मुलाम्यालाही ते चांदी म्हणू शकतं. आणि कृपा करून जुन्या चमच्याला कानस लावून किंवा आम्ल टाकून कस बघू देऊ नका. तो ओरखडा कायमचा राहतो.

सिंह आणि जहाजाचा नांगर असे छाप आहेत. मग हा इंग्लिश चमचा ना?

सिंह, नांगर आणि जुन्या वळणाचा ‘जी’ एका ओळीत असतील तर तो ऱ्होड आयलंडमधल्या प्रॉव्हिडन्सच्या गोरहॅमचा. कंपनी १८३१ ची. नांगर हे त्या राज्याचं चिन्ह आहे, पण बर्मिंगहॅमच्या तपासणी कचेरीचा छापही नांगरच, म्हणून घोटाळा होतो. इतर अमेरिकन सोनारही इंग्लिश वाटावेत असे तारे, मुखवटे, गरुड ठोकत. गिऱ्हाइकाला आयात मालाचं अप्रूप असे, त्यावरचा हा उपाय. बनवणारा आणि विकणारा एकच असेल असंही नाही. गावातला जवाहिऱ्या कारखान्यातून तयार चमचे मागवी आणि मागे स्वतःचं नाव मारी. म्हणून एकाच चमच्यावर दोन नावं दिसली तर गोंधळू नका.

घाटावरून काळ सांगता येतो का?

बराच. आणि मला विचाराल तर जमवण्यातला खरा आनंद इथेच आहे.

सतराव्या शतकाच्या शेवटी बोस्टनमध्ये घडलेल्या चमच्यांची दांडी टोकाशी तीन पाकळ्यांत फाकलेली असते आणि खळग्याच्या पाठीवर उंदराच्या शेपटीसारखी निमुळती शिर उतरते. ही शिर दांडा आणि खळगा यांच्या जोडाला आधार देई. अठराव्या शतकाच्या मध्यापर्यंत दांड्याचं टोक वरच्या बाजूला वळलेलं असे आणि चमचा टेबलावर पालथा ठेवत. त्यामुळे नावाची अक्षरं मागच्या बाजूला कोरलेली सापडतात आणि खळग्याच्या पाठीवर शिंपला किंवा पक्षी उठवलेला असतो. पुढे टोक खाली वळलं, चमचा उताणा ठेवू लागले आणि अक्षरं पुढे आली. हे एकदा डोक्यात बसलं की हातातल्या चमच्याचा काळ पन्नास वर्षांच्या आत सांगता येतो.

१८०० च्या आगेमागे एक खास अमेरिकन घाट आला: दांड्याच्या टोकाचे दोन्ही कोपरे छाटलेले, शवपेटीसारखे. त्याला तिथे ‘कॉफिन एंड’च म्हणतात. पंधरा-वीस वर्षंच चालला असेल. त्याच्यावर पुष्कळदा छिन्नीने चमचमते काप दिलेले असतात. छिन्नी तिरकी धरून मारलेला प्रत्येक काप एक छोटा आरसा होतो, आणि चमचा हलवला की प्रकाश त्या ओळीवरून धावत जातो. मग फिडल, म्हणजे टोकाशी व्हायोलिनसारखा रुंद दांडा. १८२० आणि ३० च्या दशकांत त्याच टोकावर फुलांची टोपली किंवा गव्हाची पेंढी साच्याने उठवत.

फिडल घाटाचा कॉइन सिल्व्हरचा चहाचा चमचा एकदा हातात घेऊन बघाच. वजन जेमतेम पंधरा ग्रॅम, दांडी इतकी पातळ की बोटांनी वाकेल. पुढे बाकदार अक्षरांत कुणाची तरी आद्याक्षरं, मागे एका चौकटीत सोनाराचं नाव. खळगा समोर धरला की टोकाची डावी बाजू उजवीपेक्षा जास्त झिजलेली दिसते, कारण वापरणारी माणसं उजव्या हाताने कपाचा तळ खरवडत होती. दोन्ही बाजू अगदी सारख्या आणि कडा धारदार असतील तर चमचा वापरलेलाच नाही, किंवा कुणी नंतर कानस मारून टोकाला आकार दिला आहे. दुसरी शक्यता जास्त.

पॉल रिव्हियरच्या हातचा चमचा मिळू शकतो का?

मिळतो, पण लिलावगृहात, कागदपत्रांसह आणि भरभक्कम किमतीला. १७७५ मध्ये इंग्रज फौज येत असल्याची खबर द्यायला केलेल्या मध्यरात्रीच्या घोडदौडीसाठी प्रसिद्ध असलेला हा माणूस बोस्टनचा नामांकित चांदीकाम करणारा होता आणि त्याने चमचेही पुष्कळ घडवले. त्यामुळेच त्याचं नाव खोटं ठोकलेले चमचेही पुष्कळ आहेत. जुन्या बाजारातल्या ट्रेमध्ये ‘रिव्हियर’ दिसला तर तो नाही असं धरूनच चाला. त्याच पैशात मॅसॅच्युसेट्स, कनेक्टिकट किंवा केंटकीतल्या लहान गावच्या सोनारांचे किती तरी सुंदर, अस्सल चमचे येतील. त्यांच्याकडे फार कुणाचं लक्ष नाही, आणि ते असायला हवं.

एका संचात एवढे प्रकार कशासाठी? सार्डिनचा वेगळा काटा?

सार्डिनचा, ऑलिव्हचा, आइस्क्रीमचा, कासवाच्या मटणाचा, संत्र्याचा, बटाट्याच्या काचऱ्या वाढायचा. आणि मिशा बुडू नयेत म्हणून कडेला पट्टी असलेला चमचासुद्धा. यामागे खाण आहे. १८५९ मध्ये नेवाडात कॉमस्टॉकचा चांदीचा साठा सापडला. पुढच्या दोन दशकांत चांदी मुबलक झाली, भाव उतरले, साच्यांची यंत्रं आली आणि नवश्रीमंत घरांना मेजवानी मांडायची हौस होती. त्या खाणीत श्रीमंत झालेल्या जॉन मॅके यांनी पत्नीसाठी तिथल्याच चांदीचा १,२५० नगांचा संच टिफनीकडून घडवून घेतला. तो १८७८ मध्ये पुरा झाला.

हे वाढतच गेलं. शेवटी १९२५ मध्ये, हर्बर्ट हूवर व्यापारमंत्री असताना, एका नक्षीत ५५ हून जास्त प्रकार असू नयेत असं कारखानदारांनी मान्य केलं. म्हणून विचित्र कामाचा चमचा दिसला की तो साधारण १८७० ते १९२५ मधला असण्याची शक्यता मोठी.

कोणती नक्षी जमवावी?

डोळ्यांना आवडेल ती. तरी ओळख हवी म्हणून काही नावं. गोरहॅमची ‘शांटिली’ १८९५ ची, विल्यम कॉडमन यांनी आखलेली. साधी, नाजूक आणि इतकी खपली की सुटे नग आजही सहज मिळतात. हरवलेला चमचा भरून काढता येतो, म्हणून नवख्याला मी हीच सुचवते. टिफनीची ‘क्रिसॅन्थेमम’ १८८० ची, जड आणि महाग. मॅसॅच्युसेट्समधल्या टाँटनच्या रीड अँड बार्टनची ‘फ्रान्सिस द फर्स्ट’ १९०७ ची. तिच्या वेगवेगळ्या नगांवर फळांचे वेगवेगळे घोस आहेत, एकाच संचातले काटे-चमचे शेजारी ठेवून फळं ओळखत बसावं. बाल्टिमोरच्या सॅम्युअल कर्क यांनी उठावाच्या दाट फुलांचं काम रुजवलं. चांदीच्या अत्तरदाण्या नि गुलाबदाण्या पाहत मोठ्या झालेल्या डोळ्यांना ते लगेच आपलंसं वाटतं.

संचच जमवला पाहिजे असं नाही. एकाच गावचे सोनार, किंवा एकाच कामाचे चमचे, उदाहरणार्थ फक्त मिठाचे, असाही संग्रह होतो. मिठाचे चमचे चार इंचांहून लहान असतात, स्वस्त मिळतात आणि एका डबीत मावतात.

गावांची नावं असलेले ते लहान शोभेचे चमचे कुठले?

स्मरणिका म्हणून विकलेले. वॉशिंग्टनच्या गॉल्ट या पेढीने १८८९ मध्ये जॉर्ज वॉशिंग्टनचा चमचा काढला. मग मॅसॅच्युसेट्समधल्या सेलमच्या डॅनियल लो यांचा चेटकिणीचा चमचा आला आणि त्याने वेडच लावलं. दांड्यावर केरसुणी घेतलेली चेटकीण आणि टाचण्या, १६९२ मध्ये तिथे चेटकाच्या आरोपावरून झालेल्या खटल्यांची आठवण म्हणून. १८९३ च्या शिकागोच्या जागतिक प्रदर्शनाचे तर ढीगभर नमुने आहेत: इमारती, कोलंबस, जहाजं. विवेकानंद बोलले ती सर्वधर्म परिषद याच प्रदर्शनाच्या निमित्ताने भरली होती, त्यामुळे हे चमचे आपल्या वाचकांना जवळचे वाटतात. बरेच मुलाम्याचे आहेत, तेव्हा मागे पाहूनच घ्या.

चमच्यावर परक्या माणसाची अक्षरं कोरलेली आहेत. पुसून घ्यावीत का?

मुळीच नाही.

आपल्याकडे लग्नातल्या स्टीलच्या पातेल्यापासून पितळी घंगाळापर्यंत सगळ्यावर नाव घालायची पद्धत आहे. कोणाकडून, कोणास, कधी, हे भांडंच सांगतं. त्या चमच्यांचंही तसंच होतं. चांदी बहुधा नवरी घेऊन येई, म्हणून त्यावर पुष्कळदा तिच्या माहेरचं आद्याक्षर असतं. त्रिकोणात तीन अक्षरं असतील तर वरचं आडनावाचं आणि खालची दोन नवरा-बायकोच्या नावांची. क्वचित मागे लग्नाची तारीखही असते. अशा चमच्याचा मालक, गाव आणि कधी कधी घराणंसुद्धा शोधून काढता येतं. बिनअक्षरी चमच्याच्या बाबतीत ते शक्यच नाही.

अक्षरं घासून काढली की तिथली चांदी पातळ होते. त्या जागेवर तोंडाची वाफ सोडा, जुन्या अक्षरांची सावली क्षणभर उमटलेली दिसेल. अंगठ्याने दाबलं तर तो भाग खोलगट लागतो. बाजारात बिनअक्षरी नगाला जास्त भाव मिळतो म्हणून विक्रेते हा उद्योग करतात. मी असे चमचे घेत नाही, आणि तुम्हीही घेऊ नयेत असं मनापासून वाटतं.

आणखी कसली फसवाफसवी असते?

साधा चहाचा चमचा कापून त्याचा आइस्क्रीमचा काटा करतात, कारण काट्याला पैसे जास्त. दात ओबडधोबड असतील, कापलेल्या कडा अंगापेक्षा जास्त चकचकीत असतील, खळग्याची खोली नेहमीच्या काट्याशी जुळत नसेल तर सोडून द्या. साध्या खळग्याला नंतर जाळी पाडून ‘ऑलिव्हचा चमचा’ केलेला असतो. जुन्या साध्या चमच्यावर नव्याने फळं ठोकून सोन्याचं पाणी देतात. दांड्याच्या मध्यावर करडी रेघ दिसली तर तिथे चमचा तुटला होता आणि डाग देऊन सांधलेला आहे. कारखान्याच्या त्या नक्षीच्या यादीत असा नग होता का, हे ताडून पाहिलं की निम्मे प्रश्न सुटतात.

किंमत कशी ठरवायची? सराफ म्हणतात, मोडीत घाला.

आधी मोडीची किंमत काढा, म्हणजे खालची मर्यादा कळेल. तीस ग्रॅमचा स्टर्लिंग चमचा म्हणजे पावणेअठ्ठावीस ग्रॅम शुद्ध चांदी. पंधरा ग्रॅमचा कॉइन सिल्व्हर म्हणजे साडेतेरा. त्याला त्या दिवसाच्या भावाने गुणा. अमेरिकेत भाव ट्रॉय औंसात सांगतात, तो ३१.१ ग्रॅमचा. स्वयंपाकघरातल्या वजनकाट्याचा औंस २८.३५ ग्रॅमचा, तिथे गल्लत करू नका. सुऱ्या वजनात धरू नका: त्यांचे दांडे पोकळ, आत राळ किंवा सिमेंटसारखं भरण, आणि पातं लोखंडी किंवा स्टीलचं.

त्यावर कारागीर, घाट, प्रत आणि दुर्मीळपणा यांची किंमत चढते. विसाव्या शतकातल्या सर्रास नक्षीचे नग मोडीपेक्षा फार वर जात नाहीत. बाल्टिमोरचा तपासणी छाप असलेला किंवा दक्षिणेकडच्या एखाद्या लहान गावातल्या सोनाराचा चमचा मात्र वजनाच्या कित्येक पटीने जातो.

मोडीचं म्हणाल तर १९७९ च्या सुरुवातीला औंसाला सहा डॉलरांच्या आसपास असलेली चांदी जानेवारी १९८० मध्ये पन्नासच्या घरात गेली, कारण टेक्सासच्या हंट या धनाढ्य बंधूंनी बाजारातली चांदी उचलायचा सपाटा लावला होता. घरोघरचे चमचे पोत्यांनी भट्टीत गेले. मार्चमध्ये भाव कोसळला, पण आटवलेलं परत येत नाही. आज चांदी पुन्हा महाग झाली की पहिला बळी पातळ, बिननावाचा, दीडशे वर्षांचा चमचाच ठरतो. मोडीत टाकण्याआधी एकदा तरी मागचा छाप वाचून घ्या, किंवा वाचता येणाऱ्याला दाखवा.

साफ कसे करावेत?

कमीत कमी. चांदी काळी पडते ती हवेतल्या गंधकयुक्त वायूमुळे. अंडं, कांदा, लोकर, रबर आणि वर्तमानपत्राचा कागद हे तिचे शत्रू आहेत. रांगोळी, दंतमंजन, चिंच, भांडी घासायची पावडर यांपैकी काहीही लावू नका. ठोकलेला छाप आणि छिन्नीचे काप अशा घासण्याने पाच-दहा वर्षांत गुळगुळीत होतात.

कोमट पाणी, सौम्य साबण, मऊ फडकं, लगेच कोरडं करणं. एवढ्याने भागत नसेल तर अगदी बारीक खडूची पूड पाण्यात कालवून कापसाने हलकेच फिरवा. अल्युमिनियमची पत्री आणि खाण्याचा सोडा टाकून गरम पाण्यात बुडवायची युक्ती साध्या चमच्याला चालेल, पण नक्षीच्या खाचांत कारखान्याने मुद्दाम ठेवलेली काळी छटा त्यात निघून जाते आणि फुलं सपाट दिसतात. बुडवायचं तयार द्रावणही तेच करतं. डिशवॉशर नकोच. सुऱ्यांच्या दांड्यांतलं भरण सुटतं.

ठेवताना काळेपणा रोखणाऱ्या खास कापडात गुंडाळा. कोकणात किंवा मुंबईत पावसाळ्यात सोबत सिलिका जेलची पुडी टाका. रबरबँडने जुडगा बांधू नका, त्याची काळी रेघ जाता जात नाही.

मग वापरायचे की नुसते कपाटात?

वापरा. रोज हाताळलेली चांदी कमी काळवंडते आणि तिला येणारी मऊ झिलई पॉलिशने येत नाही. मीठ, लोणचं, चिंचेचं सार मात्र त्यात राहू देऊ नका. मिठाने बारीक खड्डे पडतात, म्हणूनच मिठाच्या चमच्यांच्या खळग्याला सोन्याचा मुलामा देत. खीर, श्रीखंड, आमरस निर्धास्त खा.

चांगले नमुने कुठे पाहायला मिळतील, आणि घ्यावेत कुठून?

न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयातला अमेरिकन विभाग, बोस्टनचं ललित कला संग्रहालय, येल विद्यापीठाचं कलादालन, डेलावेअरमधलं विंटरथर. प्रॉव्हिडन्सला ऱ्होड आयलंड स्कूल ऑफ डिझाइनच्या संग्रहालयात गोरहॅमचं काम पाहा. अनेकांचे संग्रह ऑनलाइन मोफत बघता येतात. भारतात बसून शिकायचं असेल तर सुरुवात तिथून करा.

खरेदीसाठी मॅसॅच्युसेट्सचा ब्रिमफील्ड बाजार, न्यू जर्सीत लँबर्टव्हिलचा जुना बाजार, आणि घराजवळचे एस्टेट सेल. मुंबईच्या चोर बाजारात बहुतेक इंग्लिश मुलाम्याचा माल दिसतो. अमेरिकन नग क्वचित.

भारतात नेताना काही अडचण?

चांदी आहे, तेव्हा सीमाशुल्काचे त्या वेळचे नियम आधी तपासा आणि सामानात असल्याचं जाहीर करा. खरेदीची पावती, फोटो, वजन सोबत ठेवा. दुसरी गोष्ट फार जणांच्या लक्षात येत नाही. १९७२ च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे शंभर वर्षं जुन्या कलावस्तू भारतातून बाहेर नेण्यावर कडक बंधनं आहेत. १८३० चा बोस्टनचा चमचा पुण्याला नेला आणि दहा वर्षांनी मुलीकडे परत अमेरिकेत न्यायचा ठरवला, तर तो बाहेरून आलेला आहे हे दाखवणारे आयातीचे कागद हाताशी हवेत. ते चमच्यांच्याच डब्यात ठेवू नका. शाईचा नि कागदाचा चांदीला त्रास होतो. वेगळ्या पाकिटात, घराच्या इतर कागदपत्रांबरोबर ठेवा.